परसातील कोंबड्या आणि न बोलावलेले पाहुणे

परसात सकाळी पहिले पाऊल कोंबडीचे पडते, अशी आपली समजूत असते. खुराड्याचे दार उघडावे, आधी कोंबडा बाहेर यावा, मागून कोंबड्यांनी पंख झाडीत उतरावे आणि दिवस सुरू व्हावा. परंतु पावसाळ्याच्या दिवसांत कधी पहाटेच परसातील ओल्या मातीकडे निरखून पाहा. रात्री कोण कोण येऊन गेले, याची हजेरी तेथे लागलेली असते. माडाच्या आळ्याशी कांडेचोराची म्हणजे उदमांजराची पावले, दाण्याच्या डब्याभोवती उंदरांची बारीक ठशांची रांगोळी, लाकडांच्या ढिगाजवळून गेलेली सापाची रेघ. उजाडल्यावर पाळी बदलते. साळुंक्या आणि चिमण्या दाण्यावर उतरतात, कावळा खरकट्यावर, भारद्वाज कुंपणातून संथपणे चालत येतो. दुपारी माणसे वामकुक्षी घेत असताना मुंगूस येते. कोंबड्यांसाठी ठेवलेले पाणी या सर्वांचेच असते.

दक्षिण कोकणातील एका तालुक्याच्या गावी मी पंचवीसहून अधिक वर्षे दवाखाना चालवीत आहे. येथे घरोघरी पाच-दहा कोंबड्या असतात. अलीकडे शहरातून परतलेली कुटुंबेही हौसेने कोंबड्या पाळू लागली आहेत आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘डॉक्टर, घरात लहान मूल आहे, कोंबड्या पाळाव्यात ना?’ माझे उत्तर असते, अवश्य पाळाव्यात. एका अंड्यातून सुमारे सहा ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने मिळतात, शिवाय शाकाहारात दुर्मीळ असलेले बी-१२ जीवनसत्त्वही मिळते. (गावठी अंड्याचा बलक गडद असतो तो कोंबडीने खाल्लेल्या हिरव्या पाल्यामुळे. प्रथिनांच्या बाबतीत त्याचे आणि पोल्ट्रीच्या अंड्याचे फारसे वैर नाही, हे सांगितल्यावर काही रुग्ण माझ्यावर नाराज होतात.) परंतु कोंबड्या पाळणे म्हणजे केवळ कोंबड्या पाळणे नव्हे. परसात दाणा, पाणी, अंडी आणि पिले ठेवली, की आपण आसपासच्या सर्व जीवसृष्टीला पंगतीचे आमंत्रण दिलेले असते. हे पाहुणे आपण थांबवू शकत नाही आणि बहुतेकांना थांबवूही नये. पंगत कशी मांडावी, एवढे मात्र आपल्या हाती आहे.

पाण्याचे एक भांडे

बर्ड फ्लू हे नाव महाराष्ट्राला २००६ च्या फेब्रुवारीत कळले. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील पहिला उद्रेक झाला. त्यानंतर २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावी कोंबड्या मेल्या, त्याच सुमारास दापोलीत आणि अन्यत्र मेलेल्या कावळ्यांतही हा विषाणू आढळला. २०२५ च्या जानेवारीत लातूर जिल्ह्यातील उदगीर शहरात कावळे पटापट मरून पडू लागले. तेही याच रोगाने. त्याच्या थोडेच आधी नागपूरच्या गोरेवाडा येथील केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. त्यांच्या शरीरातही एच५एन१ हाच विषाणू मिळाला. पक्ष्यांचा रोग पक्ष्यांपुरता राहत नाही, हे सांगण्यास एवढी उदाहरणे पुरेशी आहेत.

या विषाणूचे मूळ बिऱ्हाड रानटी पाणपक्ष्यांत असते. बदकांच्या काही जातींना त्याने फारसा त्रासही होत नाही. मात्र त्यांच्या विष्ठेतून तो बाहेर पडतो, तळ्याच्या पाण्यात, चिखलात मिसळतो आणि थंड पाण्यात बराच काळ तग धरतो. आपल्या परसात स्थलांतरित बदके थेट येत नाहीत. पण तळ्याकाठी मेलेले पाखरू खाल्लेला कावळा आपल्या कोंबडीच्या पाण्यात चोच बुडवतो, आणि साखळी पूर्ण होते. म्हणून कोंबड्यांचे पाणी उघड्या अंगणात न ठेवता छपराखाली ठेवावे, रोज सकाळी ओतून भांडे घासावे, आणि दाणा जमिनीवर फेकण्याऐवजी पसरट भांड्यात, कोंबड्या संपवतील तेवढाच द्यावा. रानपाखरांसाठी पाणी ठेवण्याची सुंदर सवय ज्यांना आहे, त्यांनी ती मोडू नये. ते भांडे मात्र कोंबड्या पोहोचणार नाहीत अशा जागी, घराच्या दुसऱ्या बाजूस टांगावे.

माणसाला हा रोग क्वचित होतो, पण झाला तर सौम्य नसतो. भारतात २०२१ मध्ये हरियाणातील एका मुलाचा आणि २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातील दोन वर्षांच्या एका मुलीचा एच५एन१ ने मृत्यू झाला. शिजवलेल्या अन्नातून तो होत नाही. अन्न आतपर्यंत सत्तर अंश सेल्सियसपर्यंत तापले की विषाणू नष्ट होतो, आणि आपली रस्सा उकळण्याची रीत त्याहून कितीतरी कडक आहे. धोका स्वयंपाकाच्या आधी असतो. आणि येथे मला आपल्या एका जुन्या सवयीबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे.

कोंबडी मलूल झाली, मान टाकू लागली, की ‘मरण्याआधी कापून घेऊ’ असे घरात ठरते. गरिबीच्या काळात हा विचार समजण्यासारखा होता. परंतु आजारी कोंबडी कापणे, तिची पिसे उपटणे, आतडी साफ करणे, यांत हात, डोळे आणि श्वास या तिन्ही वाटांनी रोग आत येऊ शकतो. पुष्कळदा हे काम घरातील स्त्री मोरीत बसून करते आणि मूल शेजारी पिसे गोळा करीत असते. तीनशे-चारशे रुपयांच्या मांसासाठी ही किंमत फार मोठी आहे. आजारी कोंबडी कापू नका. ती कुत्र्या-मांजरांपुढे टाकू नका, वहाळात सोडू नका.

आजारी कोंबडी म्हणजे बर्ड फ्लूच, असे मात्र मुळीच नाही. परसातील कोंबड्या बहुधा मरतात त्या मानमोडीने, म्हणजे राणीखेत रोगाने. हिरवट जुलाब, मान पिरगळणे, पाय लुळे पडणे ही त्याची खूण. बर्ड फ्लूमध्ये तुरा आणि गळ्याखालील लोंबती कातडी निळसर पडते, डोके सुजते, आणि सायंकाळी धडधाकट असलेल्या कोंबड्या सकाळी मेलेल्या आढळतात. पण ही लक्षणे एकमेकांत इतकी मिसळतात, की नुसते पाहून खात्रीने सांगणे पशुवैद्यकालाही कठीण असते. नमुना पुण्याच्या आणि पुढे भोपाळच्या प्रयोगशाळेत जावा लागतो. म्हणून एका-दोन दिवसांत अनेक कोंबड्या मेल्या, किंवा परसात कावळे मेलेले दिसले, तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. १९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा दूरध्वनी क्रमांक आहे. रोग सिद्ध झाल्यास एक किलोमीटरच्या परिसरातील कोंबड्या नष्ट केल्या जातात, या भीतीने लोक कळवत नाहीत, हे मला ठाऊक आहे. त्यासाठी शासन भरपाई देते, आणि लपवलेला रोग शेजारच्या वाडीत गेल्यावाचून राहत नाही.

मानमोडीवर लस आहे, ती स्वस्त आहे आणि पहिल्या आठवड्यातच नाकात वा डोळ्यांत थेंब टाकून देता येते. दीड-दोन महिन्यांनी पुढील मात्रा टोचून देतात. ही लस टोचण्यामागे आणखी एक कारण मी नेहमी सांगतो. पाहुण्याकडून यजमानाला रोग होतो, तसाच यजमानाकडून पाहुण्यालाही होतो. सह्याद्रीच्या रानात ज्याची बांग आपण पहाटे ऐकतो तो करडा रानकोंबडा आपल्या कोंबडीचा दूरचा नाही, जवळचा नातलग आहे. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडा असला, तरी तिच्या कातडीचा पिवळा रंग देणारे जनुक करड्या रानकोंबड्याकडून आले असल्याचे २००८ मधील संशोधनाने दाखविले. रानाला लागून घर असेल, तर आपल्या खुराड्यातील मानमोडी त्या नातलगाच्या दारीही पोहोचू शकते.

पडवीतील विष्ठा आणि रांगणारे मूल

दवाखान्यात मी प्रत्यक्ष जे पाहतो त्यात बर्ड फ्लू नाही. दिसतात ते जुलाब, ताप, पोटातील मुरडा. साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू पूर्णपणे निरोगी दिसणाऱ्या कोंबडीच्या आतड्यात सुखाने राहतात. चिमण्या, पाली, उंदीर हेही त्यांची ने-आण करतात. कोकणातील घरात कोंबडी अंगणातून पडवीत, पडवीतून ओटीवर निःसंकोच येते, आणि त्याच जमिनीवर आठ महिन्यांचे मूल रांगत असते. मूल जमिनीवरचे सर्व काही तोंडात घालते, हा काही त्याचा दोष नाही. म्हणून पाच वर्षांखालील मूल, गर्भवती, वृद्ध किंवा कर्करोगाचे उपचार घेणारी व्यक्ती घरात असेल, तर उंबरठ्याच्या आत कोंबडीला मज्जाव असलाच पाहिजे. मुलांना पिले हाताळू द्या, त्यातील आनंद मी हिरावून घेणार नाही. पिलाचा मुका घेऊ देऊ नका, आणि नंतर साबणाने हात धुतल्याशिवाय खाऊ देऊ नका. खुराड्यात जाण्याच्या चपला निराळ्या ठेवा आणि त्या बाहेरच राहू द्या.

अंडी दिवसातून दोनदा गोळा करावीत. उशिरापर्यंत राहिलेले अंडे घोरपडीचे, धामणीचे किंवा कावळ्याचे असते. अंडे मळले असेल तर कोरड्या फडक्याने पुसावे, धुऊन साठवू नये. कवचावर निसर्गतः एक पातळ आवरण असते, ते पाण्याने निघून जाते आणि जिवाणूंना छिद्रांतून आत जाण्याची वाट मोकळी होते. धुवायचेच असेल तर शिजवण्याच्या आधी लगेच धुवावे. तडकलेले अंडे फेकून द्यावे. पैलवानकी म्हणून कच्चे अंडे दुधात घालून पिणाऱ्या तरुणांना सांगावेसे वाटते, की कच्च्या अंड्यातील प्रथिने शिजवलेल्या अंड्यापेक्षा कमी पचतात. रोगाची जोखीम पत्करून लाभही कमीच, असा हा व्यवहार आहे.

एक गोष्ट आणखी. घरातील उरलेली प्रतिजैविकांची कॅप्सूल फोडून कोंबड्यांच्या पाण्यात टाकण्याची पद्धत खेड्यांत सर्रास आहे. त्या औषधाचा अंश अंड्यात उतरतो आणि औषधाला न जुमानणारे जिवाणू आपल्याच परसात तयार होतात. माझे औषध माझ्या रुग्णासाठी असते, कोंबडीसाठी नव्हे.

उंदीर, आणि उंदरामागून येणारा

आता मला सर्वाधिक काळजी वाटते त्या पाहुण्याकडे वळतो. उंदीर कोंबडीसाठी येत नाही, दाण्यासाठी येतो. रात्री खुराड्यात उरलेला दाणा, गोणीतील कणी, सांडलेला कोंडा, एवढे त्याला पुरते. त्याच्या मूत्रातून लेप्टोस्पायरा हे जिवाणू ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात मिसळतात. आपल्याकडे भातलावणीनंतर पायांच्या बोटांत चिखल्या झालेल्या असतात, आणि त्या भेगांतून त्यांना शरीरात शिरण्यास वेळ लागत नाही. मूत्राने भिजलेला खुराड्याचा पेंढा उघड्या हातांनी उपसणे, हाही तोच प्रकार. साधारण पाच ते चौदा दिवसांनी थंडी वाजून ताप, पोटऱ्या आणि मांड्या दाबवणार नाहीत इतक्या दुखणे, डोळे लाल होणे, अशी सुरुवात होते. पहिल्या दोन-तीन दिवसांत औषध मिळाले तर रोग बहुधा साध्या गोळ्यांनी आटोक्यात येतो. कावीळ झाल्यावर किंवा लघवी कमी झाल्यावर आलेल्या रुग्णाला मी नुसते पुढे पाठवू शकतो. पावसाळ्यातील ताप ‘अंग मोडून आलंय’ म्हणून अंगावर काढू नका आणि डॉक्टरांना आपण होऊन सांगा, की आमच्याकडे कोंबड्या आहेत, उंदीर आहेत, शेतात काम असते. ही माहिती तपासणीइतकीच मोलाची असते.

उंदरामागून साप येतो. यातील पुष्कळसे साप धामण, दिवड असे बिनविषारी असतात. धामण उंदीर फस्त करते, त्यामुळे तिला मारणे म्हणजे उंदरांची सोय करणे. परंतु नाग, मण्यार, घोणस आणि आपल्या जांभ्या दगडाच्या कातळावरचे फुरसे हे चारही याच वाटेने येतात. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू झाले, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यांतील बहुसंख्य खेड्यांत, आणि पावसाळ्यात.

काही वर्षांपूर्वी भाद्रपदातील एका रात्री कोंबड्यांचा कालवा ऐकून एक गृहिणी अनवाणी परसात गेली. अंधारातच तिने खुराड्यात हात घालून पिले चाचपली. काहीतरी बोचले, तिला वाटले कामटी लागली. रक्त नाही, सूज नाही. पहाटे पोटात कळा येऊ लागल्या. घरच्यांनी ओवा दिला, मग आम्लपित्ताची गोळी दिली. सकाळी शेजारच्या काकूंनी पाहिले, तर हिच्या पापण्या मिटत चाललेल्या आणि बोलणे अडखळणारे. काकूंनी गाडी बोलावली म्हणून ती वेळेत दवाखान्यात आली. मण्यारीचा दंश असाच असतो. तो दुखत नाही, सुजत नाही, आणि श्वासाचे स्नायू लुळे करीत नेतो. उपजिल्हा रुग्णालयात प्रतिविष देऊन तिला कृत्रिम श्वासावर ठेवावे लागले. चौथ्या दिवशी ती बोलली, आणि प्रथम विचारले ते पिलांबद्दल. आज तिच्याकडे पूर्वीपेक्षा अधिक कोंबड्या आहेत. खुराड्याच्या दाराशी विजेचा दिवा आणि खुंटीला गमबूट आहेत, आणि लांब दांड्याचा आकडा आहे. हात आत जात नाही.

साप चावल्याची नुसती शंका आली, तरी दंशाचा अवयव फळीला बांधून हलता ठेवू नये, रुग्णाला चालवू नये आणि सरळ रुग्णालय गाठावे. १०८ ची रुग्णवाहिका आहे. आवळपट्टी, ब्लेडने चिरा देणे, चोखणे, कोंबडीचे गुदद्वार जखमेला लावून ‘विष उतरवणे’ हा प्रकार मी डोळ्यांनी पाहिलेला आहे. त्यात कोंबडीही मरते आणि मौल्यवान वेळही जातो.

मुंगसाचे दर्शन

मुंगूस सापाला धरते म्हणून ते परसात यावे असे आपल्याला वाटते, आणि ते पिलू उचलते म्हणून येऊ नये असेही वाटते. एका निवृत्त शिक्षकांनी मुंगसाच्या तोंडातून पिलू सोडवताना बोटाला चावा घेतला जाऊ दिला, वर हळद लावली आणि चार दिवसांनी रक्तदाबाच्या गोळ्या घेण्यासाठी आले असता सहज सांगितले. मी रेबीजची लस सुचवताच गुरुजी म्हणाले, ‘अहो डॉक्टर, मुंगसाचे दर्शन शुभ मानतात, आणि तुम्ही सुई काढता!’ दर्शन शुभ असेल, दात नव्हेत. रेबीज कोणत्याही सस्तन प्राण्यास होऊ शकतो, आणि भारतात मुंगसांतही तो आढळलेला आहे. कोल्हा, रानमांजर, उदमांजर, मुंगूस, वानर यांपैकी कोणाचाही दात रक्त काढून गेला, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालयात जावे. रानटी प्राण्याच्या चाव्यास राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सर्वांत गंभीर श्रेणीत धरतात. त्यात लसीबरोबरच जखमेत प्रतिद्रव्याचे इंजेक्शन द्यावे लागते. त्वचेतील लसीच्या मात्रा शून्य, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी असतात. मधली मात्रा चुकवू नये. उंदराच्या चाव्यास सहसा ही लस लागत नाही. पक्ष्यांना हा रोग सहसा होत नाही, त्यामुळे मुंगसाने जखमी केलेल्या कोंबडीची भीती बाळगू नका. तिच्या जखमेवर लाळ असेल, म्हणून हातमोजे घालून धुवा, एवढेच. गुरुजींनी चारही मात्रा घेतल्या आणि प्रत्येक वेळी मला मुंगसाची एक नवी आख्यायिका ऐकवली.

मुंगूस व घोरपड यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्यांना सापळा लावणे किंवा विष घालणे हा गुन्हा आहे. विष घातलेला उंदीर धामण, घुबड आणि घरचे मांजरही खाते. त्यापेक्षा खुराडे नीट करणे स्वस्त पडते. षटकोनी पातळ जाळी मुंगसाला रोखत नाही, अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली जाळी रोखते. ती जमिनीत फूटभर गाडावी, कारण मुंगूस उकरते. खुराडे जमिनीपासून दीड-दोन फूट उंच असावे, म्हणजे खाली उंदराला बीळ आणि सापाला आडोसा मिळत नाही. लाकडांचा ढीग आणि नारळाच्या सोडणांची रास त्याच्यापासून दूर न्यावी. दाणा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावा आणि रात्री खुराड्यात एकही कण राहू देऊ नये. कोंबड्या अंधारात खात नाहीतच. पिले दीड-दोन महिन्यांची होईपर्यंत दिवसाही डालग्याखाली किंवा जाळीत असावीत, म्हणजे घार, शिक्रा आणि कावळा यांचा प्रश्न सुटतो. जुन्नर भागासारखा बिबट्याचा वावर जेथे आहे, तेथे खुराडे घराच्या भिंतीला लागून न बांधता थोडे दूर, उजेडात बांधावे.

दार लावण्याचे काम मात्र घरातील एकाच ठरावीक व्यक्तीकडे द्या. तिन्हीसांजेला कोंबड्या आपण होऊन परततात, मोजून घ्याव्यात आणि दिवे लागण्याच्या वेळीच कडी घालावी. ‘मला वाटले तू लावलेस’ अशी एक रात्र प्रत्येक घरात वर्षातून एकदा तरी येते, आणि कांडेचोर त्या रात्री गैरहजर असल्याचे मी अद्याप ऐकलेले नाही.